जर्सीच्या डिझाइनचं काम आणि न वटलेला चेक: माझी फसवणूक कशी झाली

आधी आकडा सांगते. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका माणसाने माझ्याकडून ३,३५० डॉलर नेले. कुणी माझं खातं हॅक केलं नाही की ओटीपी मागितला नाही. मीच माझ्या फोनवरून दोन हप्त्यांत ते पाठवले, आणि पाठवताना मला आनंद होत होता.

हे लिहायला मला बरेच महिने लागले. आता लिहितेय, कारण हौसेने संघांच्या जर्सींची डिझाइन काढणारी आपली कितीतरी मुलं-मुली इथे अमेरिकेत आहेत, तिकडे पुण्या-कोल्हापुरातही आहेत, आणि या माणसाचा डाव नेमका अशा हौशी लोकांसाठी रचलेला आहे.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या आप्पांचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश हे मुख्य काम, पण कबड्डीच्या स्पर्धा जवळ आल्या की मंडळांच्या बनियनवर नंबर शिवायचं काम यायचं. कापडावर खडूने आकडे आखून द्यायचं काम माझ्याकडे असायचं. ८ चा वरचा गोल खालच्यापेक्षा जरा लहान ठेवायचा, नाहीतर आकडा डोक्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो, हे मला आप्पांनी शिकवलं. लग्नानंतर मिलवॉकीला आले, त्याला बारा वर्षं झाली. पहिल्यांदा ब्रूअर्स या इथल्या बेसबॉल संघाचा सामना बघायला गेलो तेव्हा खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी तीन तास पाठीवरचे आकडे आणि छातीवरची अक्षरं बघत बसले होते.

घरी येऊन वाचायला लागले आणि या संघाच्या पहिल्या युनिफॉर्मची गोष्ट सापडली. सिअ‍ॅटलचा पायलट्स नावाचा संघ १९६९ चा एकच हंगाम खेळला आणि दिवाळखोरीत गेला. १९७० चा हंगाम तोंडावर आला असताना तो मिलवॉकीच्या बड सीलिग यांच्या हाती आला. कोर्टाचा निकाल ३१ मार्चला, पहिला सामना ७ एप्रिलला. सीलिग यांना गडद निळा आणि लाल रंग हवा होता, पण नवे कपडे शिवायला वेळ कुठे होता? पायलट्सच्याच शर्टांवरची अक्षरं उसवली आणि त्या जागी ब्रूअर्स शिवलं. जुन्या अक्षरांची खूण कापडावर तशीच दिसत होती. निळा-पिवळा रंग या संघाला असा उसना मिळाला. उसवलेल्या टाक्यांची रेघ कापडावरून किती दिवस जात नाही, हे शिंप्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ती गोष्ट वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. सीलिग यांना दोन महिने मिळाले असते तर? याच प्रश्नावर मी युनिफॉर्मच्या डिझाइनचा माझा पहिला पूर्ण सेट केला: घरचा पांढरा, बाहेरगावचा राखाडी, गडद निळी टोपी, लाल अक्षरं, आणि गळ्याभोवती फिरून बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी बारीक रंगीत पट्टी, म्हणजे पायपिंग. इकडचे लोक त्या पायपिंगला हेडस्पून म्हणतात.

नंतर आठ वर्षांत असे चाळीस-पन्नास सेट करून मी इंटरनेटवर टाकले. एक पैसाही मिळाला नाही आणि मिळावा असं वाटलंही नव्हतं. पण एक स्वप्न या छंदातल्या सगळ्यांच्या मनात असतं, आणि मिलवॉकीत तर ते जरा जास्तच असतं. १९७७ मध्ये ब्रूअर्सनी लोगोसाठी स्पर्धा घेतली होती. टॉम माइंडेल या विद्यार्थ्याने इंग्रजी लहान लिपीतलं एम आणि बी अशी जुळवली की त्यांचाच बेसबॉलचा हातमोजा झाला आणि बीच्या पोकळीत चेंडू बसला. त्याला २,००० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि १९७८ पासून तो लोगो खेळाडूंच्या टोपीवर आला. मध्ये काही वर्षं तो बाजूला पडला, पण २०२० मध्ये थोडा सुधारून संघाने तोच परत आणला. एका विद्यार्थ्याचं चित्र अख्ख्या शहराच्या डोक्यावर बसलं, ही गोष्ट इथल्या प्रत्येक हौशी माणसाला पाठ आहे.

त्या माणसालाही ती पाठ होती.

त्याचा पहिला निरोप आला फेब्रुवारीच्या शेवटी. सुरुवातच अशी: ‘तुमच्या निळ्या-लाल सेटमधली गळ्याची पायपिंग बघून मी थांबलो.’ पुढे लिहिलं होतं की विस्कॉन्सिनमध्ये एक नवा संघ उभा राहतोय, उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं खेळतात त्या प्रकारचा. युनिफॉर्म कुठल्या मोठ्या कंपनीकडून न घेता, ज्याला या खेळाचं वेड आहे अशा माणसाकडून करून घ्यायचाय. मिलवॉकीचा हातमोजाही एका विद्यार्थ्यानेच काढला होता ना, असंही त्यात होतं.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर कुणी भुलतं का? पण आठ वर्षं मी जे केलं त्यातली पायपिंग माझ्या घरातही कुणाच्या लक्षात आली नव्हती. नवऱ्याला रंग आवडायचे, मुलगा ‘छान आहे गं आई’ म्हणायचा. पायपिंगबद्दल बोलणारा हा पहिलाच. पुढचे दहा दिवस त्याने पैशाचा विषय काढला नाही. अक्षरांची जाडी किती, बाहेरगावच्या शर्टावर गावाचं नाव घालायचं की संघाचं, नंबरला एकच थर की दोन, असं तो विचारायचा आणि मी रात्री मुलगा झोपल्यावर उत्तरं लिहायचे. आज ते सगळं पुन्हा वाचलं की दिसतं, त्याचे प्रश्न म्हणजे मीच माझ्या चित्रांखाली लिहिलेली वाक्यं होती. पुढे प्रश्नचिन्ह लावून त्याने ती मलाच परत पाठवली होती.

मग मानधन ठरलं, १,५०० डॉलर. दोन पानी करार आला, त्यावर संघाचा शिक्का, लीगचं नाव. चेक कुरिअरने आला तो मात्र ४,८५० डॉलरचा. कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला. सोबत चिठ्ठी: हिशेब एकाच खात्यातून राहावा म्हणून नमुन्याच्या शर्टांचे पैसेही यातच घातले आहेत; तुमचे १,५०० ठेवा आणि उरलेले ३,३५० आमच्या शिलाईवाल्याला पाठवा, म्हणजे तो तुमच्या देखरेखीखाली काम सुरू करील. ‘तुमच्या देखरेखीखाली’ हे शब्द मला फार आवडले होते.

मी चेक शाखेत जाऊन भरला. काउंटरवरच्या मुलीला विचारलंसुद्धा, हा चांगला आहे ना? ती म्हणाली, उद्या पैसे वापरता येतील. दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसली आणि माझ्या दृष्टीने चेक वटला. इथेच माझा घात झाला, म्हणून हे जरा नीट सांगते. आपल्याकडे खात्यात वापरायला पैसे आले म्हणजे चेक वटला, अशी आपली पक्की समजूत. अमेरिकेत तसं नाही. इथे कायद्याने बँकेला ठरावीक दिवसांत रक्कम वापरायला द्यावी लागते. चेक खरा की खोटा हे ज्या बँकेचा तो चेक आहे तिच्याकडून कळायला त्याहून जास्त दिवस लागतात, कधी कधी आठवडे. मधल्या दिवसांत तुम्ही जे खर्च कराल ते चेक परत आला की तुमच्याच माथी येतं. कॅशियर्स चेकचंही तेच, कारण खोटा चेक छापणारा त्यावर कुठल्याही बँकेचं नाव छापू शकतो. फसवणारा या मधल्या दिवसांवरच जगतो.

शिलाईवाल्याचा नंबर त्यानेच दिला होता. झेल (Zelle) या फोनवरून थेट पैसे पाठवायच्या सेवेने मी आधी २,००० आणि दुसऱ्या दिवशी १,३५० पाठवले. चेक भरल्यापासून तिसऱ्या दिवशी माझं काम संपलं होतं. त्याचंही.

तरी त्याने मला लगेच सोडलं नाही. चौथ्या दिवशी फोटो आला, पहिला नमुना तयार म्हणून. टेबलावर पसरलेली जर्सी, छातीवर माझी अक्षरं. मी तो फोटो नवऱ्याला दाखवला, इचलकरंजीला आईला पाठवला. आप्पा असते तर, असं आई म्हणाली.

आता त्या फोटोबद्दल. बटणांच्या जर्सीवर छातीभर नाव शिवलेलं असतं, तेव्हा ते नाव बटणपट्टीवर तुटतं. दोन्ही पल्ल्यांवर अक्षरांचे वेगवेगळे तुकडे शिवावे लागतात, नाहीतर शर्ट उघडणार कसा? मध्यावर येणारं अक्षर मधोमध कापलं जातं, आणि खेळाडूने बटण लावलं की दोन अर्धे जेमतेम जुळतात, बरेचदा सुतभर वर-खाली होतात. खऱ्या जर्सीची ही सगळ्यात सोपी ओळख. त्या फोटोत माझं नाव बटणपट्टीवरून सलग गेलं होतं. बटण होतं, काज होतं, आणि त्यांच्यावरून अक्षर अखंड. कापडाला सुरकुती होती, पण अक्षर सुरकुतीत वळलेलं नव्हतं. कडेची झिगझॅग शिलाई प्रत्येक अक्षरावर हुबेहूब सारखी होती. माणसाच्या हाताखालच्या मशीनची शिलाई वळणावर अशी कधीच येत नाही. ते माझंच चित्र होतं, कुठल्या तरी शर्टाच्या फोटोवर चिकटवलेलं. नवीन मुलांना मी हेच शिकवत आले होते, फोटो मोठा करून आधी बटणपट्टी बघा म्हणून. माझ्या जर्सीचा फोटो मी मोठा करून पाहिला तो पैसे गेल्यानंतर.

नवव्या दिवशी बँकेचा निरोप आला. चेक परत. ज्या बँकेचं नाव त्यावर होतं तिने तो काढलाच नव्हता. खात्यातून ४,८५० वळते झाले, वर परत आलेल्या चेकचा आकार. माझं मानधन तर मुळात आलंच नव्हतं.

मी त्याला लिहिलं तेव्हा त्याचा सूर पहिल्यांदा बदलला. तुम्ही वर्षानुवर्षं नोंदणीकृत संघांची नावं आणि चिन्हं विनापरवाना वापरताय, तक्रार केलीत तर मी लीगला कळवीन, असं त्याने लिहिलं. मी घाबरले. चार दिवस नवऱ्यालाही सांगितलं नाही. आपण परक्या देशात, कागदपत्रांवर राहणारी माणसं. असल्या वाक्याने पोटात गोळा येतो. पण लक्षात ठेवा, संघांची नावं आणि लोगो हे नोंदणीकृत ट्रेडमार्क असतात हे खरं, त्यावर माल छापून विकणं गोत्यात आणू शकतं हेही खरं, पण मी एक बनियनसुद्धा विकलेला नव्हता. आणि तसा विकला असता तरी म्हणून त्या माणसाची चोरी चोरी राहिली नसती का? ती धमकी मला गप्प बसवण्यासाठी होती, आणि चार दिवस ती चाललीही.

पाचव्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो एक शब्द वेडंवाकडं बोलला नाही, गाडी काढली आणि बँकेत घेऊन गेला. झेलचे पैसे परत मिळाले नाहीत. ते तुम्हीच पाठवलेत, असं उत्तर मिळालं. पोलिसांत तक्रार नोंदवली, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या कक्षाकडेही कळवलं. पैसे येतील अशी आशा मी आता ठेवलेली नाही.

जे मी आधी करायला हवं होतं ते एका दुपारचं काम होतं. करारात ज्या मैदानाचं नाव होतं ते गावाच्या उद्यान विभागाचं निघालं. मी फोन केला तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, अशा कुठल्या संघाने मैदान मागितलेलंच नाही. लीगच्या यादीतही तो संघ नव्हता. आणि मुळात, ज्याला शिलाईवाल्याला पैसे द्यायचे आहेत तो शिलाईवाल्यालाच देईल, चित्र काढणाऱ्या बाईच्या खात्यातून कशाला फिरवील? ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक आणि वरचे पैसे तिसऱ्याला पाठवायची विनंती, एवढं दिसलं की तिथेच थांबा. चेक भरूच नका.

भारतात यालाच दुसरं रूप आहे. माझा भाचा पुण्यात टेनिस बॉल स्पर्धांच्या संघांना टी-शर्टची डिझाइन करून देतो. त्याला ८० शर्टांची ऑर्डर देतो म्हणून एकाने आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पोरगा हुशार, त्याला ठाऊक होतं की पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. त्याने फोन ठेवला. भारतात तुमचे असे पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी चार दिवस घालवले तसे घालवू नका.

मागच्या महिन्यात ओहायोतल्या एका हौशी मुलाने मला एक निरोप दाखवला. त्याने क्लीव्हलँडच्या जुन्या युनिफॉर्मवर फार सुंदर काम केलंय. निरोपाची सुरुवात होती, ‘तुमच्या सेटमधली बाहीची पट्टी बघून मी थांबलो.’ संघ वेगळा, राज्य वेगळं, सही वेगळी. त्याला अजून चेक आलेला नव्हता, पण आधीच्या एका संघासाठी केलेलं काम म्हणून एक फोटो आला होता. तेच टेबल, तोच शर्ट, उजव्या बाहीवर तीच सुरकुती. नाव तेवढं बदललेलं होतं, आणि ते बटणपट्टीवरून सलग गेलं होतं.