आळंदीहून चालावं की देहूहून? पहिली पायी वारी ठरवणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा पायी वारीला निघायचं ठरलं की बहुतेक जण आधी पालखी निवडतात आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. आमच्या मते पालखी निवडताना वाट, रजा आणि पाय या तिन्हींचा विचार एकत्र व्हावा. माउलींची पालखी असो की तुकोबांची, अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आणि दिवस अठरा ते वीस. पण दोन्ही वाटांवरचे कष्ट सारखे नाहीत.

माउलींच्या वाटेचा सगळा कस पुणे ते सासवड या एका दिवशी लागतो. जवळपास बत्तीस किलोमीटरचा हा टप्पा. हडपसरपर्यंत शहरातली गर्दी, वडकी नाल्याचा विसावा आणि मग दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात इतका चढ आहे, सावली जवळजवळ नाही आणि सासवडला पोचायला रात्र होते. त्यात बहुतेक वर्षी त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी असते, म्हणजे उपवास. रिकाम्या पोटी नुसत्या शेंगदाण्याच्या लाडवांवर घाट चढायला गेलं की आधी तहान, मग पित्त, मग चक्कर. केळी, राजगिरा, ताक आणि लिटरभर पाण्यात क्षारसंजीवनीची एक पुडी एवढं तरी सोबत हवं. सासवडला दोन मुक्काम असतात, त्यामुळे पाय सुधारायला एक दिवस मिळतो. सासवड ते जेजुरी जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर आहे, मग वाल्हे, नीरा स्नान करून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. फलटणच्या पुढे भंडीशेगावपर्यंत रोज साधारण अठरा ते एकवीस किलोमीटर चालावं लागतं, मात्र वाट सपाट आहे.

तुकोबांची वाट देहूहून आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर अशी जाते. पुढे इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली आणि वाखरी. पहिला दिवस लहान असतो, त्यामुळे पाय हळूहळू रुळतात. लोणी काळभोर ते यवत हा टप्पा मोठा आहे. वरवंडच्या पुढे रोटी घाट लागतो, पण दिवे घाटापुढे तो सोपा. गुडघे दुखणाऱ्याने, साठी ओलांडलेल्याने किंवा सरावाला वेळ न मिळालेल्याने देहूची वाट धरावी, असं आम्ही स्पष्ट सांगू.

गर्दी माउलींच्या सोहळ्यात जास्त. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक, प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली. मुक्कामी होणारी समाजआरती ही या सोहळ्याची खरी ओळख. चोपदारांनी दंड उंचावला की एवढा समुदाय गप्प होतो, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मग आरती. ही शिस्त आतून अनुभवायची असेल तर आळंदीच. रिंगणं, म्हणजे वारकऱ्यांच्या मधून अश्व धावण्याचा सोहळा, दोन्हीकडे आहेत. माउलींचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला, पहिलं गोल रिंगण पुरंदावड्याला. तुकोबांच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, ते माउलींच्या वाटेवर नाही. बेलवाडी, इंदापूर आणि अकलूजला गोल रिंगणं होतात.

पालखी कुठलीही निवडा, खरा फरक पडतो तो दिंडीत चालता की मोकळे, यानं. दिंडीत आधी नाव नोंदवून भिशी, म्हणजे वारीभरच्या खर्चाची वर्गणी, भरावी लागते. त्यात दोन वेळचं जेवण, तंबू, पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक येतो. बायकांची झोपायची सोय वेगळी आहे का, शौचालय सोबत आहे का, औषधं कोण बघतं, हे पैसे भरण्याआधीच विचारा. ट्रक पहाटे लवकर पुढे निघतो. वळकटी वेळेत चढवली नाही तर दिवसभर ती खांद्यावर येते. बॅगेवर नाव, दिंडी क्रमांक आणि मोबाइल नंबर पक्क्या शाईनं लिहावा. दिंडीची चाल संथ, थांबे फार. नवख्याला चालण्यापेक्षा उभं राहणं जड जातं आणि पोटऱ्या तिथेच भरून येतात.

मोकळे वारकरी पहाटे तीन-चारला निघून उन्हाआधी मुक्काम गाठतात. शाळा, देवळं, ओसऱ्या अशा ठिकाणी पथारी टाकतात. ऊन वाचतं, खर्च वाचतो, पण पालखी मागे राहते आणि भजनाची संगत तुटते. अन्नदान जागोजाग असतं, तरी उघड्यावर कापलेली फळं आणि अनोळखी पाणी यांनी पोट बिघडतं, आणि जुलाब लागले की वारी अर्ध्यावर सुटते. गाडी मागून येईल या भरवशावर तर राहूच नका. पालखीच्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि वाहतूक बोपदेव घाटाकडे वळवतात. गर्दीत मोबाइलचं नेटवर्कही कोलमडतं. सोबत्यांशी भेटीची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून ठेवा.

ज्यांना तीन-चार दिवसांचीच रजा आहे त्यांनी पुणे-सासवड टाळावं. बहुतेक एकदिवशी वारकरी तोच टप्पा धरतात, म्हणून गर्दी आणि दमछाक दोन्ही तिथे सर्वांत जास्त. त्यापेक्षा रेल्वेनं लोणंदला उतरा. लोणंद ते तरडगाव आठेक किलोमीटर, वाटेत उभं रिंगण, दुसऱ्या दिवशी फलटण एकवीस किलोमीटर. जेजुरी, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज मार्गावरची स्थानकं, त्यामुळे परतणंही सोपं. तुकोबांच्या बाजूला यवत आणि बारामतीला रेल्वे आहे. बारामतीहून काटेवाडी करून सणसर हा टप्पा नवख्याला चांगला.

आषाढी कधी येते हेही बघा. २०२३ मध्ये एकादशी २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. लवकर आली तर माळशिरस-इंदापूर पट्ट्यात ऊन भाजून काढतं. उशिरा आली तर मुक्कामाच्या रानात चिखल होतो आणि तंबूखाली ताडपत्री दुहेरी लागते. मुक्कामांचं वेळापत्रक दरवर्षी संस्थान जाहीर करतं. तिथीची वृद्धी-क्षय झाली की लोणंदसारख्या ठिकाणचे मुक्काम कमी-जास्त होतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखांवर तिकीट काढू नये.

सराव निदान आठ आठवडे करा. पाच किलोमीटरपासून सुरुवात करून अठरापर्यंत जा आणि शेवटी सलग दोन दिवस चाला, कारण पाय खरे बोलतात ते दुसऱ्या दिवशी. नवे बूट घेऊन निघालेल्याच्या टाचेला दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामी फोड ठरलेला. घर्षण आणि ओला मोजा ही त्याची दोन कारणं. अर्ध्या मापानं मोठे, वापरून मऊ झालेले बूट, बोटांमध्ये आणि जांघेत व्हॅसलीन, दुपारच्या विसाव्याला मोजे बदलणं, एवढ्यानं बरंच टळतं. फोड आलाच तर कातडी सोलू नका. निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा आणि पट्टी लावा. मधुमेह असेल तर हेही स्वतः करू नका, वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे जा, आणि रोज रात्री तळवे तपासा. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, मग जखम कळत नाही.

पंढरपुरात पोचल्यावर पदस्पर्श दर्शनाची रांग एकादशीला वीस-वीस तासांची होऊ शकते. थकलेल्यांनी मुखदर्शन घ्यावं, किंवा चंद्रभागेचं स्नान आणि कळसदर्शन करावं. अनेक जुने वारकरी तसंच करतात. दिंडीतल्यांचा मुक्काम पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत असतो. एकादशीलाच परतायचं असेल तर दुपारनंतर एसटीच्या तात्पुरत्या स्थानकांवर उसळणारी गर्दी धरून सोबत पाणी, खाणं ठेवा, किंवा द्वादशीला पारणं करून निवांत निघा.