सध्या वाचलेली तीन पुस्तकं: रारंग ढांग, बनगरवाडी आणि धग

मला कादंबरीत माणसं काम करताना दिसली पाहिजेत. नुसती खिडकीत बसून विचार करणारी पात्रं आली की माझं वाचन तिथंच थांबतं, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्याला समीक्षा वगैरे समजू नका, एका हौशी वाचकाची मतं आहेत.

पहिलं रारंग ढांग. प्रभाकर पेंढारकरांचं, १९८१ चं. मुंबईतली नोकरी सोडून विश्वनाथ नावाचा इंजिनिअर हिमालयात बॉर्डर रोड्समध्ये, म्हणजे सीमेवर रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेत जातो, सतलजच्या बाजूला कडा फोडून रस्ता करायचं काम, आणि तिथं त्याची गाठ पडते मेजर बंबाशी. बंबा म्हणजे नियम म्हणजे नियम. मला सगळ्यात आवडलं ते हे की बंबा व्हिलन नाहीये, त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याचंही पटतं, आणि म्हणूनच शेवटाकडचा कोर्ट मार्शलचा भाग एका बैठकीत संपवला, रात्रीचा एक कधी वाजला कळलं नाही. सुरुंग लावणं, दरड येणं, मजुरांचं मरणं, हे सगळं जराही मीठमसाला न लावता येतं. पेंढारकर स्वतः डॉक्युमेंटरीवाले, ते प्रत्येक पानावर जाणवतं. उमा नावाच्या मुलीचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला, नसता तरी चाललं असतं. विश्वनाथच्या वडिलांची पत्रं भारी आहेत. लायब्ररीच्या कॉपीत कुणीतरी त्या पत्रांखाली लाल पेनाने रेघा मारून ठेवल्यात, त्या महान माणसाला साष्टांग नमस्कार.

मग बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. शाळेत धडा होता म्हणून इतकी वर्षं हात लावला नव्हता, एवढंसं पुस्तक, दोन संध्याकाळी पुरतं. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, नवीन मास्तर, आणि पोरं सगळी मेंढरांमागे, शाळेत येणार कोण? मग मास्तरने शिकवण्यापेक्षा जास्त काय करायचं तर लोकांची पत्रं लिहायची, बाजारातून सामान आणून द्यायचं, भांडणं मिटवायची. त्यात शेकूकडे एकच बैल असतो, दुसरा कुठूनच मिळत नाही, आणि मास्तर बघतो तर जुवाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. माडगूळकर त्यावर आपलं काही भाष्य करत नाहीत, पुढं जातात. मी नाही जाऊ शकलो, पुस्तक मिटून चहा करायला उठलो. तालमीचं प्रकरण, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः खपून बांधलेली इमारत आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द पंतसरकार म्हणजे औंधचे राजे, ते वाचताना मजा येते, आणि नंतर जो दुष्काळ येतो तो सगळंच पुसून टाकतो. मराठी वाचायची सवय सुटलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं सरळ मत आहे.

धग उद्धव शेळक्यांचं, १९६० चं, आणि हे अवघड गेलं. संवाद अस्सल वऱ्हाडी. मी सातारकडचा, पहिली काही पानं डोक्यावरून गेली, मग मोठ्याने वाचायला लागलो तसं कान बसला आणि नंतर तर संवाद आला नाही की करमेना. कौतिक ही बाई दिवसभर राबते, आणि नवरा महादेव काही म्हणता काही धड करत नाही, वर पुढे त्याला महारोग होतो. एकामागून एक इतकं येत राहतं की मध्ये मला लेखकाचाच राग आला, एखादा दिवस तरी बरा जाऊ दे ना तिचा! पण खोटं कुठं वाटत नाही, कारण पैसा कुठून आला, कुठं गेला, उसनं कुणाकडून मागितलं याचा हिशोब शेळके चोख ठेवतात. मन थाऱ्यावर नसेल तेव्हा मात्र हे घेऊ नका.

रेटिंगच विचारलं तर बनगरवाडी पाचपैकी पाच, रारंग ढांग साडेचार, धगला आकडा देववत नाही. बायको आता तेच वाचतेय, अर्ध्यावर आहे, आणि महादेववरचा सगळा राग माझ्यावर निघतोय.