मॅप स्पर्धेचं मतदान इच डॉट आयओवर घेतलं, त्याबद्दल

क्वेक हा १९९६ चा शूटिंग गेम, पण त्याचे मॅप, म्हणजे आत खेळायच्या नव्या जागा, बनवणारे आजही आहेत. आमच्या ग्रुपमध्येच एकोणीस जण आहेत. ट्रेंचब्रूम हा मॅप बनवायचा एडिटर फुकट मिळतो, त्यामुळे वर्षातून एकदा स्पर्धा घेतो. यंदा मतदान इच डॉट आयओच्या जॅमवर घेतलं. इच ही गेम टाकायची वेबसाइट, आणि तिथं भरवलेल्या अशा स्पर्धेला जॅम म्हणतात.

आधी तीन परीक्षक असायचे, एक एक्सेल शीट आणि सात रकाने. गेल्या वर्षी एका परीक्षकाला वेळ मिळाला नाही, तो नऊच मॅप तपासू शकला. हात त्याचा कडक. ज्यांचे मॅप त्याच्याकडे गेले ते मागे पडले, बाकीचे तरले. साताऱ्याच्या एका मुलानं वाडा केला होता. दिंडी दरवाजातून आत आलं की चौक, मधोमध विहीर. विहिरीत उडी मारली की टेलिपोर्टरनं थेट माडीवर, आणि तिथून खाली तीच दिंडी दिसायची, आता शत्रूंनी अडवलेली. मी तो मॅप चार वेळा खेळले. तो अकरावा आला. त्यानंतर वर्षभर त्या मुलानं एडिटर उघडला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

इचवर जॅम उघडायला पैसे लागत नाहीत. निकष आपले आपण ठरवायचे, प्रत्येक निकषाला एक ते पाच तारे. मत कुणी द्यायचं तेही आपल्या हातात. आम्ही फक्त भाग घेणाऱ्यांना दिलं आणि सात रकान्यांचे तीन निकष केले: खेळायला कसा, दिसायला कसा, वाट सापडते का. ‘नावीन्य’ मी हट्टानं काढायला लावलं. त्याचा अर्थ दोघांचा कधी एक निघाला नाही.

मला सगळ्यात पटला तो निकालाचा हिशेब. सगळ्या मॅपना पडलेल्या मतांच्या संख्येचा मध्यक काढतात, दहावीच्या बीजगणितातला तोच, आकडे ओळीनं लावले की मधोमध येणारा. एखाद्या मॅपची मतं त्याहून कमी असतील तर मतांना मध्यकानं भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि त्यानं सरासरीला गुणायचं. मध्यक १६ आणि मतं ४, तर वर्गमूळ येतं अर्धं. म्हणजे चार मित्रांनी पाच-पाच तारे दिले तरी हाती अडीचच. ९ मतं असतील तर पाऊणपट. मध्यकाच्या पुढं कितीही मतं गोळा केली तरी जास्तीचं काही मिळत नाही. मूळ सरासरीही शेजारी दिसते, त्यामुळे कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

तरी तेवढ्यानं भागत नाही. अवघड मॅप कमी लोक उघडतात आणि मग कात्री त्यालाच लागते. म्हणून प्रत्येकाला वेगळ्या क्रमानं बारा मॅपची यादी दिली. ती संपवल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. शिवाय सूत्र मतं मोजतं, हात कडक की सैल ते त्याला कळत नाही. माझी आई बोर्डाचे पेपर तपासायची. तिथं परीक्षकाच्या वर, त्याची तपासणी बघायला, नियामक असतो. तिनंच सुचवलं, आधी सगळ्यांनी एकच पेपर तपासून बघा.

साताऱ्याच्या मुलाला विचारून आम्ही त्याचाच वाडा घेतला आणि तारे देऊन कॉलवर बसलो. वाट सापडते का, याला मी पाच दिले होते, एकानं दोन. त्याला विहिरीत उडी मारायची हे सुचलंच नव्हतं; दहा मिनिटं तो चौकात फिरत होता. त्याचं म्हणणं खरं होतं. मी तीनवर आले. त्या एका तासात जेवढं एकमत झालं तेवढं एक्सेल शीटवर कधी झालं नव्हतं.

इचला माझ्याकडून पाचपैकी चार. पाचवा तारा त्या कॉलचा आहे, आणि तो आपला आपणच घ्यावा लागतो.

कॉलच्या नोंदी मी त्या मुलाला पाठवल्या. रविवारी त्याचा मॅप परत आला. विहिरीच्या काठावर आता मशाल आहे, आणि तिचा उजेड पाण्यात पडतो.