आठ रविवार, 1800 रुपये आणि 'जोशी'

इचलकरंजीत कापडाच्या पेढीवर परदेशी पत्रव्यवहार मी बघते. 'हू' की 'हूम', 'विच' की 'दॅट', अशी वेळ आली की मी सरळ वाक्य मोडून दोन करायची. शेवटी एका ऑनलाइन व्याकरणवर्गात नाव घातलं.

पहिले दोन रविवार झोप काढली असती तरी चाललं असतं. तिसऱ्या रविवारी बाईंनी पडद्यावर लिहिलं: जो + शी = जोशी. "'जो माणूस आला' बरोबर. पण 'जोशी बोलले' म्हणालात तर लोक आडनाव समजतील! तिथं 'ज्याच्याशी'च लागतं. तसंच टू, विथ, फॉर आधी आले की 'हू'चा 'हूम' होतो." शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर!

मराठी 'ज्याच्याशी की जिच्याशी' विचारते, म्हणजे लिंग बघते. इंग्रजीला त्याचं काही नाही, तिला माणूस की वस्तू एवढंच हवं. माणसाला 'हूम', वस्तूला 'विच'. 'दॅट' मात्र टू, विथ, इन अशा शब्दांच्या लगेच नंतर बसतच नाही. 'द कार्टन दॅट वी पॅक्ड' चालतं, 'इन दॅट' नाही, तिथं 'इन विच'. त्या रात्री जुन्या मेल उघडल्या. 'द कंटेनर इन दॅट' अकरा वेळा सापडलं, सगळं माझ्याच हातचं. कंपनीलाही 'विच'च, पण आमचे मालक 'विथ हूम' करून घेतात. मोठी पार्टी आहे, मान नको का द्यायला?

सहाव्या रविवारी 'गिव्ह इट टू हूएव्हर आस्क्स' आलं. 'टू' आहे म्हणून आम्ही सगळे 'हूमएव्हर' म्हणालो आणि फसलो. मागणारा तिथं कर्ता आहे, 'टू' लागतो तो पुढच्या अख्ख्या तुकड्याला. बाईंनी आकृत्या काढल्या, डोक्यावरून गेल्या. भाकरी थापताना सुचलं: 'जो मागेल त्याला दे.' आपण तरी कुठं 'ज्याला मागेल' म्हणतो?

तक्रार एकच, पण मोठी. 'द एजंट आय स्पोक टू' हे माझं वाक्य बाईंनी लाल केलं. म्हणे, शेवटी 'टू' येणं चूक. इंग्रज कवी ड्रायडननं 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनची अशीच चूक काढली होती, तेव्हापासून हे खूळ आहे. इंग्रज रोज तसंच बोलतात. साध्या मेलमध्ये 'टू हूम आय स्पोक' लिहिलं तर गिऱ्हाइकाला वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटेल. दोनदा विचारलं, "परीक्षेत हेच लिहा" एवढंच उत्तर. मला कसली परीक्षा द्यायचीय या वयात?

तिसरा ते सहावा रविवार सुटा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. अख्ख्या वर्गाचे 1800 द्यायचे तर आधी घासाघीस करा. मी केली नाही, पण माझ्यानंतर आलेल्या जाऊबाईंना 1200 मध्ये दिलाय.