स्मरणिकेसाठी टाइप (फाँट) कोणता: टिरो की मुक्ता?

इंदूरच्या आपल्या मंडळांच्या स्मरणिका बहुधा हिंदी कामं करणाऱ्या छापखान्यात जातात, आणि मजकूर मराठी पण अक्षर हिंदी अशा अवस्थेत परत येतात. गेल्या गणपतीत आमच्या अंकात पानोपानी हिंदी वळणाचे दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श आले. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, तरी घरातल्या जुन्या पोथ्यांवर वाढलेल्या डोळ्यांना पान परकं वाटलं. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श नेमून दिले. ते वळण आपण इथेही जपायला हवं.

'टिरो देवनागरी मराठी' आणि 'मुक्ता' हे दोन्ही टाइप मोफत आहेत, युनिकोड आहेत (म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षर-संकेतावर चालणारे).

टिरोचं कूळ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातलं. जावजी दादाजींनी तो १८६९ मध्ये काढला. त्याच्या टाइपांचे ठसे राणोजी रावजी आरूंनी कोरले. 'काव्यमाला' या मालिकेतले संस्कृत ग्रंथ तिथलेच. बोरूने काढल्यासारखी जाड-बारीक रेघ आणि भरदार गोलाई ही त्या शिशाच्या अक्षरांची ओळख. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी टाइप घडवताना तीच ढब समोर ठेवली होती, आणि त्याच टाइपांतून टिरो आला. मोठा लेख यात वाचताना ओळ डोळ्यांना पुढे नेते. मला हा फार आवडतो. ल आणि श आपले येतात, मात्र 'मराठी' नावाचीच फाइल घ्या, कारण हिंदी आणि संस्कृतच्या वेगळ्या आहेत. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: यात ठळक अक्षर नाही. फक्त साधं आणि तिरपं.

मुक्ता मुंबईच्याच 'एक टाइप' या टाइप घडवणाऱ्या संस्थेचा. अक्षरातली रेघ जवळपास एकाच जाडीची, आणि बारीक ते ठळक अशी वजनं सात. देणगीदारांची यादी, जाहिराती, मोबाइलवरची निमंत्रणं यांत तो स्वच्छ दिसतो. आठवणींचा चार पानी लेख मात्र त्यात कोरडा वाटतो.

म्हणून लेखांना टिरो, आणि शीर्षकं, याद्या, जाहिरातींना मुक्ता असं मी सुचवेन. एकच निवडायचा आणि अंकात जाहिराती जास्त, तर मुक्ता.

मजकूर क्रुतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नुसता फाँट बदलला तर अक्षरांचा गोंधळ होतो. मग 'शाळेतली लाल शाल, दऱ्याखोऱ्या' एवढी ओळ दोन्ही टाइपांत कागदावर छापून मागा आणि ल, श, ऱ्य नीट पाहूनच होकार द्या.