थेंबभर रक्ताची चांगली चाचणी, अर्धवट अहवाल

आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या महिन्यात एका खासगी प्रयोगशाळेने हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंच्या तपासणीचे शिबिर भरवले होते. ना कावीळ, ना अंगदुखी, मग रक्त कशाला द्यायचे, हा आमच्या मंडळींचा प्रश्न होता. परंतु हे विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुकाट राहतात आणि त्रास जाणवू लागतो तेव्हा अनेकदा सिऱ्होसिस, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणे, झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी प्रकाराचा दीर्घकालीन संसर्ग होता. तेव्हा धडधाकट माणसांनाच तपासायचे, हा हेतू योग्यच म्हणायला हवा.

प्रत्यक्ष तपासणीला मी पूर्ण गुण देईन. प्रत्येकाला नवी सुई, बोटातून थेंबभर रक्त आणि थोड्याच वेळात निकाल. चाचणीच्या पट्टीवर नियंत्रणाची रेघ, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण, उमटली नाही तर पट्टी बाद समजायची, हे तंत्रज्ञ मुलीने न विचारता सांगितले आणि शेजारच्या काकांची पट्टी तशी निघताच दुसरी वापरली.

बिनसले ते पुढे. निकाल रांगेसमोर नाव घेऊन सांगितले जात होते. एका गृहस्थांची बी प्रकाराची चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा त्यांना ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ एवढेच ऐकवून प्रयोगशाळेच्या महागड्या पॅकेजचे पत्रक हातात दिले. विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहिल्यावरच औषधाचे ठरते, पत्नी व मुलांनाही तपासावे लागते, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत मिळतात, यातले एक अक्षरही कोणी उच्चारले नाही.

माझ्या अहवालावर फक्त ‘निगेटिव्ह’. बी प्रकाराची पट्टी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन शोधते. ते सापडले नाही म्हणजे संरक्षण आहे असा अर्थ होत नाही. बालकांच्या लसीकरणात बी प्रकाराची लस आली तेव्हा आमची पिढी चाळिशीत होती, त्यामुळे आम्हाला तरी हा फरक समजावून सांगायला हवा होता. अँटीबॉडीच्या, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांच्या, चाचण्या मी नंतर दुसरीकडे स्वखर्चाने करून घेतल्या, संरक्षण मुळीच नाही असे निघाले. लसीच्या तीन डोसांपैकी पहिला परवा घेतला.