शेवंड, शीड आणि सबुरी : ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’चे परीक्षण

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर राहून ऑनलाइन गेम निवडायचा म्हटला, तर पहिली अडचण खेळाच्या दर्जाची नसते, रेंजची असते. जूनमध्ये पावसाने जोर धरला की वीज जाते, विजेपाठोपाठ टॉवर बंद पडतो, आणि ज्या खेळांत क्षणाचा उशीर म्हणजे हार, ते सगळे खेळ गणपतीपर्यंत बाजूला ठेवावे लागतात. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा रोल-प्लेइंग गेम या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. परंतु मी तो वर्षानुवर्षे खेळते आणि इतरांनाही आग्रहाने सुचवते, त्याचे कारण वेगळे आहे. कोणते काम हाती घ्यायचे हे हा खेळ खेळाडूवर सोडतो, त्या कामाला किंमत यावी इतका वेळ घेतो, आणि ते काम ओळखीच्या माणसांच्या देखत होऊ देतो. खेळात रस कशामुळे येतो, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर हेच आहे, आणि म्हणूनच हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

मूळ ‘रूनस्केप’ अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी इंग्लंडमध्ये तयार केला आणि तो जानेवारी 2001 मध्ये सुरू झाला. पुढे जॅजेक्स या केंब्रिजच्या कंपनीने त्यात इतके बदल केले, विशेषतः 2012 मध्ये लढाईची पद्धतच अशी पालटली, की जुने खेळाडू मोठ्या संख्येने दुरावले. कंपनीकडे ऑगस्ट 2007 मधील खेळाची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी का, यावर फेब्रुवारी 2013 मध्ये मतदान घेतले गेले, जवळपास साडेचार लाख मते पडली, आणि त्याच महिन्यात ‘ओल्ड स्कूल’ सुरू झाला. तेव्हापासून खेळात नवे काही आणायचे तर आधी खेळाडूंचे मत घेण्याची प्रथा पडली आहे. पूर्वी त्यासाठी 75 टक्के होकार लागत असे, आता 70 टक्के लागतो. खेळाडूंना इतका मान देणारे ऑनलाइन खेळ फार थोडे आहेत. या जगात घातलेला वेळ उद्या कोणाच्या लहरीने वाया जाणार नाही, हा विश्वास त्या मतदानातून येतो आणि तो खेळताना जाणवतो.

चित्रांच्या बाबतीत मात्र अपेक्षा माफक ठेवावी. माणसे ठोकळ्यांची दिसतात, झाडे एकसारखी असतात, आणि आजचे झगमगीत खेळ पाहिलेल्या मुलांना पहिल्या दहा मिनिटांत हे सारे जुनाट वाटण्याची शक्यता आहे. त्यांनी खेळाच्या सुरुवातीला लागणाऱ्या लंब्रिज किल्ल्यातल्या स्वयंपाक्याचे काम पूर्ण होईपर्यंत तरी धीर धरावा. तिथल्या ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे, आणि स्वयंपाक्याकडे अंडे, दूध व पीठ यांपैकी काहीच नाही. तेव्हा खेळाडूने शेतातला गहू तोडायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन घालायचा, खाली येऊन पीठ भरून घ्यायचे, गाईची धार काढायची, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ अंडे शोधायचे. अमुक इतके उंदीर मारा आणि बक्षीस घ्या, असल्या रटाळ कामाने सुरुवात न करता हा खेळ नवख्याला पिठाच्या गिरणीत पाठवतो, आणि तेवढ्यातच या जगातल्या वस्तू एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत हे त्याला उमगते. पुढच्या मोहिमा लांब आणि अवघड होत जातात. त्यांतली संभाषणे खरोखर वाचण्याजोगी आहेत, आणि ती भराभर पुढे ढकलणारा खेळाडू या खेळातल्या उत्तम लेखनाला मुकतो.

आमच्याकडच्या वाचकाला मासेमारीविषयी अधिक ऐकायला आवडेल, आणि मलाही त्याविषयीच अधिक लिहावेसे वाटते. सुरुवात छोट्या जाळ्याने कोळंबी पकडण्यापासून होते. मासेमारीच्या कौशल्याची 40 वी पातळी गाठली की पिंजरा लावून शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडता येतात, 76 वी गाठली की मोरी, म्हणजे शार्क, मिळू लागते. खांद्यावरच्या झोळीत एकूण 28 वस्तू मावतात, आणि ती भरली की बँकेपर्यंत चालत जाणे भाग असते. कारमजा बेटावर शेवंड पकडण्याची प्रसिद्ध जागा आहे, पण तिथे जवळपास बँक नाही. बेटावर जायचे तर सारिम बंदरातून गलबताने 30 नाणी भाडे देऊन जावे लागते आणि परतीलाही तेवढेच भाडे पडते. खिशात दमडी नसलेल्या माणसाने काय करावे? धक्क्याजवळच केळीची बाग आहे. बागवानाची पेटी दहा केळ्यांनी भरून दिली की तो बरोबर 30 नाणी मजुरी देतो. खेळ रचणाऱ्याने कोणतीही सूचना न देता या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आहेत, आणि हा मेळ स्वतःहून ध्यानात आलेल्या खेळाडूला जो आनंद होतो, तो मोठ्या बक्षिसाच्या पेटीतून निघत नाही.

त्या धक्क्यावर बराच वेळ नुसते उभे राहावे लागते. पिंजरा टाकला की माणूस आपोआप काम करत राहतो आणि खेळाडूचे हात मोकळे होतात. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होते. रापण ओढताना दोरीला लागलेले लोक जसे हातांनी काम करत गावभरच्या गोष्टी बोलतात, तसेच काहीसे इथे घडते. काम पुरेसे सोपे, म्हणून बोलता येते. काम पुरेसे लांब, म्हणून बोलावेसे वाटते. ज्या खेळांत प्रत्येक क्षणी बोटे गुंतलेली असतात, तिथे अशी ओळख होण्याला जागाच उरत नाही. संथपणाला दोष मानणाऱ्यांनी ही बाजू विचारात घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता या संथपणाचे गणितही सांगितले पाहिजे, कारण ते कठोर आहे. प्रत्येक कौशल्यात 99 ही सर्वोच्च पातळी असून तिथे पोहोचायला 1,30,34,431 गुण लागतात. कोळंबीमागे 10 गुण मिळतात, शेवंडामागे 90. पातळ्यांमधले अंतर असे वाढत जाते की 92 व्या पातळीवर उभा असलेला खेळाडू गुणांच्या हिशेबाने जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. पकडलेले शेवंड भाजण्याचे कौशल्य वेगळे, आणि त्याची 74 वी पातळी येईपर्यंत अधूनमधून एखादा शेवंड करपतोच. ज्याला हे वाचून थकवा आला, त्याने हा खेळ खुशाल टाळावा. मात्र 99 वी पातळी गाठलेला माणूस त्या कौशल्याचा झगा पांघरून बाजारातून चालत जातो, तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यामागे किती वेळ गेला असेल हे ठाऊक असते. अभिनंदन करणारी माणसेही तीच वाट चाललेली असतात. ज्या यशासाठी सर्वांना एकच वाट चालावी लागते, त्याच यशाला खेळात वजन प्राप्त होते.

एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ यांच्यासोबत ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा सामायिक खेळ उभारणारे रिचर्ड बार्टल यांनी 1996 च्या एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते : काहींना कमाई हवी असते, काहींना नव्या जागा शोधायच्या असतात, काहींना माणसे हवी असतात, तर काहींना इतरांवर मात करायची असते. ही विभागणी मला मोलाची वाटते, परंतु ‘ओल्ड स्कूल’ खेळताना माझा अनुभव असा आहे की एकच माणूस दिवसाच्या वेळेप्रमाणे या चारही खोल्यांतून फिरतो. दमून आलेल्या संध्याकाळी मासेमारी पुरते, तर रविवारी सकाळी अवघड मोहीम हाती घ्यावीशी वाटते.

माणसे हवी असणाऱ्यांसाठी ऑक्टोबर 2021 मध्ये आलेला ‘ग्रुप आयर्नमॅन’ हा प्रकार विशेष उल्लेखनीय आहे. यात दोन ते पाच जणांचा गट करायचा असतो. गटाबाहेरच्या कोणाशीही देवाणघेवाण करता येत नाही आणि बाजारातून सामान विकत घेता येत नाही. जे लागेल ते गटानेच मिळवायचे आणि सामायिक कोठीत ठेवायचे. आमच्या गटात मुंबईत नोकरीला असलेला माझा मामेभाऊ आहे, कुडाळची एक मैत्रीण आहे, आणि देवगडचा एक शेजारी आहे, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. मामेभाऊ रात्री लोकलमधून घरी जाताना लाकडे तोडतो, दादा मासे पुरवतो, आणि मी रांधते. दादा खेळात दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काय गावला?” बाजारात विकत घेतलेल्या तलवारीविषयी कोणी एवढ्या उत्सुकतेने विचारत नाही. गटातल्या दुसऱ्याने आणलेल्या लोखंडातून आपली ढाल तयार झाली असेल, तर ती टाकवत नाही. चाकरमानी झालेल्या भावंडांशी फोनवर तब्येत-पाण्यापलीकडे बोलणे होत नाही अशी खंत ज्या घरांत असेल, त्यांनी हा प्रकार जरूर करून पाहावा.

नौकानयन हे नवे कौशल्य नोव्हेंबर 2025 मध्ये दाखल झाले. जुन्या 23 कौशल्यांत पडलेली ही पहिलीच भर असून तीदेखील खेळाडूंच्या मतांनी पडली : 2015 मध्ये हीच कल्पना मतदानात फेटाळली गेली होती, 2023 मध्ये मात्र खेळाडूंनी इतर दोन पर्यायांपेक्षा तिला पसंती दिली. तराफ्यापासून सुरुवात करून मोठ्या शिडाच्या नौकेपर्यंत जाता येते, एका बंदराचा माल दुसऱ्या बंदरात पोहोचवता येतो, समुद्राचे नकाशे भरता येतात आणि बुडालेल्या जहाजांतून सामान काढता येते. वर्षानुवर्षे नुसती निळी पार्श्वभूमी म्हणून दिसणारा समुद्र आता वाट झाला आहे, आणि जुन्या खेळाडूला त्याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. माझी एक तक्रार आहे. या समुद्राला भरती-ओहोटी नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी भरल्याशिवाय होडी आत घेता येत नाही, ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलालाही कळते, आणि वेळ पाहून निघण्याची ती सक्ती खेळात असती तर प्रवासाला आणखी खोली आली असती. तरीही सुकाणू हाती घेऊन अनोळखी बेटाकडे जाण्यातली उत्कंठा खरी आहे, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आमच्या दादाचा मुक्काम याच समुद्रात असणार.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. खेळ संगणकावर चालतो आणि 30 ऑक्टोबर 2018 पासून फोनवरही. दोन्हीकडे खाते एकच. संपूर्ण जग 0.6 सेकंदाच्या ठेक्यावर पुढे सरकत असल्याने नेटवर्क किंचित मागे पडले तरी मासेमारी, स्वयंपाक, मोहिमा यांत फारसे बिघडत नाही. मोठ्या लढाईत मात्र रेंज गेली तर जीव जाऊ शकतो. साध्या खात्यात वस्तू थडग्यात राहतात आणि ठरावीक वेळेत परत घेता येतात, परंतु ‘हार्डकोअर’ प्रकारात एका मृत्यूने तो दर्जाच जातो. ज्यांच्या वाडीत पावसाळ्यात टॉवर बेभरवशाचा असतो, त्यांनी ‘हार्डकोअर’च्या वाटेला जाऊ नये.

पैशांविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागात ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की आई-वडिलांच्या डोळ्यांपुढे रमीत बुडालेला पगार येतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ज्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ होत. ‘ओल्ड स्कूल’मध्ये पैसे लावून कमाई करण्याची सोय नाही. खेळातल्या नाण्यांची पैज लावण्याचे जे मैदान पूर्वी होते, तेही 2022 मध्ये बंद करण्यात आले. खेळाचा काही भाग विनामूल्य आहे. नौकानयनासह बरीच कौशल्ये आणि बहुतेक मोहिमा मात्र सभासदांसाठी राखीव असून त्याची वर्गणी परकीय चलनाच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे ती आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जड जाते. खेळातल्या नाण्यांनी ‘बाँड’ विकत घेऊन 14 दिवसांचे सभासदत्व मिळवता येते. नवख्याला तेवढी नाणी जमवणे सोपे नाही, तरी तो मार्ग प्रामाणिक आहे. याच बाँडची दुसरी बाजू मला खटकते : कोणीही खरे पैसे देऊन ते घेऊ शकतो आणि खेळातल्या नाण्यांना विकू शकतो, आणि कष्टाने मिळवलेल्या श्रीमंतीचे तेज त्याने काहीसे उणावते. ‘ग्रुप आयर्नमॅन’मध्ये बाँड असे विकता येत नसल्याने ही वाट आपोआप बुजते, हे त्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे.

तुमची नाणी दुप्पट करून देतो, असे सांगणारे लोक बाजाराच्या चौकात नेहमी उभे असतात. मुलांना त्यांच्याविषयी आधीच सांगून ठेवावे. मराठी भाषेचा पर्याय नाही, ही उणीव मोठी आहे, कारण या खेळाचा निम्मा रस संभाषणांत आहे. आठवी-नववीतल्या मुलाने मोठ्या भावंडाच्या सोबतीने खेळावे, म्हणजे मोहिमांतला मजकूर समजत जातो आणि इंग्रजी वाचनाचा सरावही होतो.

सभासदत्व घेण्याची घाई करू नये. विनामूल्य भागात स्वयंपाक्याची मोहीम पूर्ण करावी, कोळंबीपासून शेवंडापर्यंत मासेमारी न्यावी, कारमजाच्या धक्क्यावर काही संध्याकाळी उभे राहून पाहावे. तिथे कंटाळा आला, तर हा खेळ आपला नव्हे आणि खिशातला रुपयाही गेलेला नाही. तिथे रमलात, तर आणखी एक-दोन जणांना सोबत घ्या, सर्वांनी आपापले एक महिन्याचे सभासदत्व काढा आणि नवीन खात्यांवर गट सुरू करा.